टकळीवर सूत तुटतं. शिवाय कातणं आणि स्वयंपाक यांचा मेळ कसा बसवायचा?

घरचीलड:
घरी असताना दुपारचे तीन-चार तास मोकळे मिळतात. गॅसवर काहीतरी शिजत ठेवायचं आणि शेजारी सूत कातायचं, असा बेत आहे. टकळी लटकती, ३५ ग्रॅमची. लोकर विंचरलेली, तंतू साधारण ८ सेंटिमीटर. अडचणी दोन: सूत मध्येच तुटून टकळी खाली पडते, आणि जे टिकतं ते कुठे दोरीसारखं जाड, कुठे केसासारखं बारीक निघतं. शिवाय हात सारखे ओले-तेलकट होतात. अशा कामासोबत कोणता स्वयंपाक निवडावा?

पीळदार:
३५ ग्रॅम मध्यम सुताला योग्य आहे, टकळी बदलू नका. आधी तुटलेलं टोक नीट बघा. तंतू एकमेकांवरून सरकून टोक निमुळतं, पिसासारखं झालं असेल तर पीळ कमी पडलाय. सूत आधीच वेटोळी घालत होतं आणि तटकन तुटलं, तर पीळ जास्त झालाय. नवशिक्यांचं बहुतेक वेळा पहिलंच असतं, कारण टकळी फिरायची थांबून उलटी फिरू लागते, हे लक्षात येत नाही. ती उलटी फिरली की चढलेला पीळ उतरतो आणि तिच्याच वजनाने सूत सुटतं.

यावर उपाय म्हणजे थांबून कातणं. टकळी फिरवा, पीळ भरला की ती गुडघ्यांत धरा. एका हाताच्या चिमटीने पीळ अडवून ठेवा आणि दुसऱ्या हाताने तंतू मागे ओढून पातळ करा. मग चिमूट सैल करून पीळ वर चढू द्या. वेग कमी मिळतो, पण सूत तुटत नाही. मध्येच गॅसपाशी जायचं असेल तर हीच पद्धत सोयीची. फक्त उठण्याआधी सूत टकळीवर गुंडाळून अडकवून ठेवा. लोंबकळत सोडलेली टकळी परत येईपर्यंत पीळ उतरवून बसते.

जाड-बारीक होण्याचं कारण दोन हातांतल्या अंतरात आहे. तंतू ८ सेंटिमीटरचा आणि हात ५ सेंटिमीटरवर, म्हणजे एकाच तंतूची दोन्ही टोकं तुम्ही धरून ठेवलीत. तो सरकणार कसा? मग माणूस जोर लावतो आणि पुंजकाच्या पुंजका बाहेर येतो. हात १०-१२ सेंटिमीटर दूर ठेवा, पकड सैल. पीळ नेहमी बारीक भागाकडे धावतो आणि जाड भाग भुसभुशीत राहतो, म्हणून गाठ आली तर तिच्या दोन्ही बाजूंना धरा, थोडा पीळ उलगडा आणि हलकेच ताणा. टकळीवर गुंडाळलेली गाठ नंतर सुधारता येत नाही.

(कापूस कातायचा असेल तर हिशेब वेगळा. तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचे, त्यामुळे लोंबत्या जड टकळीचं वजन त्यांना पेलत नाही. टोक वाटीत टेकवून फिरणारी हलकी टकळी किंवा चरखाच घ्यावा.)

मंदआच:
स्वयंपाकाचं मी सांगते. सतत ढवळावं लागणारं काहीही नको. ठरावीक वेळाने दोन मिनिटं हात लागणारा पदार्थ निवडा. त्या निमित्ताने खांदे आणि मानही मोकळी होतात. पाव यासाठी सर्वांत चांगला. ५०० ग्रॅम पिठाला ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, २ ग्रॅम कोरडं झटपट यीस्ट. कालवून झाकून ठेवा. दर अर्ध्या तासाने, असं तीनदा, ओल्या हाताने कडा ओढून मध्यावर दुमडा. मग पीठ जवळपास दुप्पट होईपर्यंत हात लावू नका. २४-२५ अंशांना दुमडण्या संपल्यावर अजून दीड-दोन तास लागतात, थंडीत जास्त. घड्याळापेक्षा फुगवट्यावर भरवसा ठेवा.

हाताचं पीठ आधी थंड पाण्याने काढा. गरम पाण्याने ते चिकट होऊन नखांत बसतं आणि मग लोकर त्याला चिकटते. हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय तंतूंना हात लावायचा नाही. फोडणी-तळणीच्या दिवशी लोकर झाकलेल्या डब्यात ठेवा, वास पटकन धरते.

राजम्यासारखं कडधान्यही चालेल. आदल्या रात्री चमचाभर मीठ घातलेल्या पाण्यात भिजवा, सालं मऊ होतात. ते पाणी फेका, नवं घाला. सुरुवातीला किमान दहा मिनिटं खळखळ उकळू द्या, ही पायरी कधीही गाळू नका. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य नुसत्या मंद आचेवर नष्ट होत नाही. त्यानंतर आच मंद करून तास-दीड तास. टोमॅटो, चिंच वगैरे आंबट शिजल्यावरच, नाहीतर दाणे कडक राहतात. गजर कातायच्या जागेवरच ठेवा. कातणाऱ्याला भांड्यातलं पाणी आटल्याचं कळत नाही. आणि तंतू, सूत ज्योतीपासून लांब. कापूस तर क्षणात पेटतो.

घरचीलड:
टोकं बघितली, निमुळतीच आहेत. थांबून कातून बघते. दोन पदरी करताना किती पीळ द्यायचा, आणि धुवायचं कसं?

पीळदार:
कातताना टकळी ज्या दिशेने फिरवली त्याच्या उलट फिरवा. नुकतं कातलेलं हातभर सूत मध्ये दुमडून सोडा. ते आपोआप जेवढं वळेल तेवढा दुपदरी पीळ. तो तुकडा पुठ्ठ्यावर गुंडाळून समोर ठेवा, कारण रात्रभर टकळीवर राहिलेल्या सुताचा पीळ झोपतो आणि दुसऱ्या दिवशी अंदाज चुकतो.

लड चार ठिकाणी सैल बांधा. ४० अंशांच्या पाण्यात सौम्य साबण घालून वीस मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका, वर नळ सोडू नका, खळबळायचं पाणीही तेवढंच कोमट घ्या. घासणं आणि तापमानातला झटका यांनी लोकर नमद्यासारखी (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखी) आळते. टॉवेलात दाबून पाणी काढा, लड दोन-तीनदा झटका, आणि वजन न लावता वाळवा. वजन लावलं की उरलेला पीळ दिसत नाही. विणलेला कपडा पहिल्या धुण्यात तिरका होतो तेव्हा तो कळतो.