जॉर्डनचे वाळवंटी किल्ले आणि अभयारण्यं: तुमचे अनुभव लिहा

जॉर्डन म्हटलं की पेट्रा आणि मृत समुद्र, एवढ्यावर बहुतेकांची सहल आटपते. अम्मानच्या पूर्वेला उमय्यद खलिफांच्या काळातल्या वास्तू आहेत, त्यांच्याच वाटेवर अझराकची पाणथळ आणि शौमारी अभयारण्य, दक्षिणेला दाना अभयारण्य. तिकडे कोण कोण गेलंय? कुठे जास्त वेळ द्यावा, तेही सांगा.

सुरुवात मी करते. माझं मन अडकलं ते कुसैर अम्रामध्ये. बाहेरून बुटकं, साधं बांधकाम. आत पाऊल टाकलं की भिंती आणि छतं चित्रांनी भरलेली: जाळ्याकडे हाकलली जाणारी रानगाढवं, न्हाणाऱ्या स्त्रिया, कामात गढलेले सुतार-लोहार, चक्क वाद्य वाजवणारं अस्वल! हमामखान्याच्या गरम खोलीत मान वर केली की घुमटावर राशींसकट रात्रीचं आकाश. 8व्या शतकात वलीद बिन यझीदने, खलिफा होण्याआधी, हे बांधून घेतलं. 2012 मध्ये भिंत साफ करताना त्याचं नाव सापडलं. 1985 पासून हा जागतिक वारसा आहे. बाहेर विहीर आहे आणि तिच्याशेजारी पाणी ओढणारं जनावर गोल फिरायचं ती जागा. सगळे आतली चित्रं बघून निघून जातात. तिथे जरूर थांबा. ओसाड माळावर हमामखाना चालायचा तो त्या विहिरीच्या जिवावर.

गडप्रेमी, पुणे:
ताई, अम्राच्या अलीकडे कसर खराना लागतो, तो चुकवू नका. चौकोनी, दोन मजली, कोपऱ्यांना बुरूज. पहिल्या नजरेत पक्का लढाऊ किल्ला वाटतो, भिंतीत जंग्या (बाण मारायच्या अरुंद फटी) सुद्धा दिसतात. पण आतून पाहिलं की त्या इतक्या उंचावर आहेत की तिरंदाज तिथे पोचणारच नाही. हवा आणि उजेडासाठीच त्या ठेवल्या असणार. आपल्याकडे गडावर गेलं की आधी पाण्याचं टाकं शोधायची सवय. इथे मोठा साठा कुठेच दिसेना. म्हणजे शिबंदी राहणार कशी? टोळीप्रमुखांच्या भेटीगाठींसाठी ही वास्तू असावी, असं अभ्यासक म्हणतात, आणि मला ते पटतं. वरच्या एका खोलीत इ.स. 710 चा लेख आहे.

अझराकचा किल्ला मात्र खराखुरा लष्करी. काळ्या बेसॉल्टचा, त्यामुळे सह्याद्रीतल्या माणसाला लगेच ओळखीचा वाटतो. मूळ रोमन, 1237 मध्ये पुन्हा बांधलेला. टी. ई. लॉरेन्सने ('लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिश अधिकारी) 1917-18 चा हिवाळा इथेच काढला. लाकूड मिळत नसल्याने दारसुद्धा अखंड दगडाचं आहे. रखवालदाराने ते ढकलून दाखवलं आणि बिजागरीच्या जागी कोरलेल्या दगडी खुंटीवर ते फिरलं. मी बराच वेळ त्या खुंटीकडेच बघत होतो.

पक्षीवेडी, नाशिक:
किल्ल्यापासून जवळच अझराकची पाणथळ. नांदूरमध्यमेश्वरला जाणाऱ्यांनी तर बघायलाच हवी, पण मन घट्ट करून. अम्मानची तहान आणि आसपासची शेती यांसाठी इथलं भूजल इतकं उपसलं की 1992 पर्यंत झरे आटले. शतकानुशतकं स्थलांतरी पक्ष्यांचा मुक्काम असलेली जागा कोरडी पडली. आज जो थोडा भाग ओला आहे तो बाहेरून पाणी सोडून जगवलेला. लाकडी वाटेवरून चालताना एका बाजूला बोरूचं दाट बेट, आत वटवट्यांचा गलका, टिबुकल्या, एक खंड्या. दुसऱ्या बाजूला भेगाळलेली जमीन. जगात फक्त इथेच सापडणारा बोटाएवढा मासा आहे, अझराक किलीफिश. तोही जवळजवळ संपला होता. उरलेले थोडे मासे वाढवून पुन्हा पाण्यात सोडले. मातीच्या लपणात बसून मी पक्षी कमी पाहिले, विचार जास्त केला. राग येतो, आणि ज्यांनी एवढं तरी वाचवलं त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

मस्कतहून:
शौमारीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून दोन ओळी. रानातला शेवटचा अरबी ऑरिक्स (लांब शिंगांचं पांढरं कुरंग) 1972 मध्ये आमच्या ओमानमध्येच मारला गेला. बंदिस्त वाढवलेल्या कळपांतून 1978 मध्ये काही शौमारीला आणले. पुढे ओमाननेही ते रानात सोडले, पण चोरट्या शिकारीने कळप घटले, अभयारण्याचं क्षेत्र 90 टक्क्यांनी कापलं गेलं आणि 2007 मध्ये ते जागतिक वारसा यादीतून काढलं गेलं. हे माहीत असल्यामुळे शौमारीत गाडीतून तो पांढरा कळप दिसला तेव्हा डोळे भरून आले. सफारी आधी ठरवून जा.

आईसोबत भटकंती:
दानाला आम्ही दोघी गेलो. कड्यावरच्या दगडी गावातून मी दरी उतरून खालच्या फेनानला चालत गेले. आईचे गुडघे दुखतात, ती गाडीने वळसा घालून आली. वर थंड वारा, ज्युनिपरची झाडं. खाली रखरखीत उष्णता. फेनानला तांबं गाळून उरलेली काळी मळी अजून विखुरलेली आहे. राखेत भाजलेली बेदुइन भटक्यांची रोटी आईला फार आवडली. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये: हम्मुस, फलाफल, मुतब्बल (वांग्याचं भरीत), फूल (शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचा पदार्थ) सगळीकडे मिळतं.

सर्वांचे आभार. नवीन जाणाऱ्यांसाठी: जॉर्डन पासमध्ये (पर्यटकांसाठीचं एकत्रित तिकीट) किल्ले येतात, अभयारण्यांचं शुल्क वेगळं. पूर्वेकडे बस जवळजवळ नाहीत, अम्मानहून दिवसभराची टॅक्सी करा. मार्च-एप्रिल उत्तम. कराक आणि शोबकचे किल्ले पाहिलेल्यांनी पुढे लिहा.