'इरॅशनल' संख्या म्हणजे अविवेकी संख्या?

प्रश्न : मुलगी नववीत आहे, सेमी-इंग्रजीला. परवा विचारते, "आई, इरॅशनल म्हणजे अविवेकी ना? मग संख्या अविवेकी कशी?" मोबाइलवर भाषांतर पाहिलं तर 'अतार्किक संख्या' आलं. हे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, 'अतार्किक' अजिबात लिहू देऊ नका. √२ ही इरॅशनल आहे हे तर तर्कानेच सिद्ध होतं! लॅटिन 'रॅशिओ'चे अर्थ दोन : हिशेब आणि बुद्धी. 'इरॅशनल भीती' म्हणतो तिथे बुद्धीचा अर्थ, म्हणून अविवेकी, अनाठायी हे शब्द चालतात. गणितात हिशेबाचा. दोन पूर्णांकांचं गुणोत्तर म्हणून जी मांडता येत नाही, ती इरॅशनल. मराठीत 'अपरिमेय'. मूळ धातू 'मा', म्हणजे मोजणे. परिमाण, अमाप ही त्याचीच भावंडं.

पण मोजता येत नाही म्हणजे काय? घरातल्या दोन फुटी चौरस शहाबादी फरशीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप लावा. ३४ इंचांना केसभर कमी भरेल. ३४ इंच म्हणजे बाजूच्या १७/१२ पट. बौधायन शुल्बसूत्रात (यज्ञवेदी रचण्याच्या भूमितीचा प्राचीन ग्रंथ) √२ ची जी किंमत आहे, तिची पहिली तीन पदं, १ + १/३ + १/१२, मिळवली की हेच येतं. पुढे सूत्र त्यातून १/४०८ वजा करतं. आपल्या फरशीवर जेमतेम दीड मिलिमीटर. तरी हिशेब पुरा होत नाहीच. बाजूचे कितीही बारीक सारखे भाग पाडा, त्या भागांनी कर्ण नेमका भरत नाही. बाजूला आणि कर्णाला दोघांना पुरेल असं एक मापच नाही, म्हणून अपरिमेय.

प्रतिसाद : मी सोलापूरच्या पूर्व भागातला, शिक्षण तेलुगू माध्यमात. आमच्याकडे इरॅशनलला 'करणीय' आणि रॅशनलला 'अकरणीय' म्हणतात. नकार उलट्या बाजूला! आपल्या 'करणी'चाच हा शब्द का?

उत्तर : हो, तीच करणी. शुल्बसूत्रांत 'द्विकरणी' म्हणजे दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी बाजू, मूळ बाजूच्या √२ पट. (मराठी मुलांना करणी म्हटलं की जादूटोणा आठवतो, म्हणून ही फोड आधी सांगावी.) करणीसाठीचा इंग्रजी 'सर्ड' मात्र अरबीतल्या 'असम्म', म्हणजे बहिरा, या शब्दाच्या लॅटिन भाषांतरातून आला. आपल्याच गावातल्या कन्नड शाळांत 'अभागलब्ध' म्हणतात : भागाकाराने न मिळालेली. मला तिन्हींत हा शब्द सर्वांत स्वच्छ वाटतो, कारण तो व्याख्याच सांगतो. 'करणीय' ऐकून वाटतं की सगळ्या इरॅशनल संख्या वर्गमुळंच असतात. π तशी नाही.

ताई, वहीत मराठी पाठ्यपुस्तकातला 'अपरिमेय'च राहू द्या, समजावताना 'अभागलब्ध' सांगा. आणि २२/७ ही π ची खरी किंमत नव्हे, जवळचा अपूर्णांक आहे, हेही लगेच सांगा. २२/७ स्वतः परिमेय आहे.