शांघायचा शेवटचा दिवस सोमवारी, विमान रात्री ११:५० ला: क्रम कसा लावावा?

पाऊलवाट

नोव्हेंबरच्या मध्यावर शांघायमधला शेवटचा दिवस सोमवारी येतो आहे. विमान त्याच रात्री ११:५० ला, पुडोंग विमानतळ, टर्मिनल २. हॉटेल पीपल्स स्क्वेअरपाशी, चेक-आउट दुपारी १२ ला. दोघं जण, आईचं वय ६८, चालायला हरकत नाही, पण रांगेत फार वेळ उभं राहणं नको. दोघंही पूर्ण शाकाहारी.

बघायचं राहिलंय ते असं: यूयुआन बाग, शांघाय म्युझियम, शांघाय टॉवर, बंडवरची (जुन्या इमारतींच्या नदीकाठावरची) रोषणाई आणि जमल्यास विमानतळावर जाताना मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर रुळांवर तरंगत धावणारी रेल्वे. एवढं एका दिवसात बसतं का? काय गाळावं?

दुसरा_फलाट

यूयुआन गाळा, कारण बाग सोमवारी बंद असते. पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फोटोंत दिसणारा नागमोडी पूल आणि तळ्यातलं चहागृह बागेच्या तिकिटाबाहेर आहे. भोवतीचा बाजारही उघडा असतो आणि अंधार पडल्यावर उलट जास्त खुलतो. हुकतात त्या आतल्या मिंग राजवटीच्या काळातल्या दगडी रचना आणि दालनं.

बाकीचा दिवस विमानापासून मागे मोजत या. ११:५० च्या विमानासाठी काउंटरवर ८:४५ पर्यंत पोचायचं. मॅग्लेव्ह लोंगयांग रोडहून सुटते आणि ३० किलोमीटर साधारण ८ मिनिटांत नेते, पण दोन गाड्यांमध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात. विमानतळ स्थानकातून टर्मिनल २ पर्यंत बॅगा ओढत दहा मिनिटं धरा. म्हणजे लोंगयांग रोड ८ ला, पीपल्स स्क्वेअर ७:३० ला, हॉटेलातून बॅगा घेऊन निघणं ७:१५ ला आणि बंड सोडायची वेळ पावणेसात. नोव्हेंबरात तिथे पाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि सहाच्या सुमाराला रोषणाई पूर्ण लागलेली असते. हाताशी पाऊण तास राहतो, आणि तो पुरतो.

क्रम असा लावा. सकाळी साडेसहाला बंड. उगवतीचं ऊन थेट त्या जुन्या इमारतींच्या दर्शनी बाजूवर पडतं, कारण त्यांचं तोंड पूर्वेला आहे. संध्याकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे जातो, तेव्हा त्या काळवंडतात आणि नदीपलीकडचे मनोरे उजळतात. म्हणून इमारती सकाळी आणि मनोरे रात्री, अशा दोन फेऱ्या वाया जात नाहीत. सकाळी गर्दीही नसते, आईंना निवांत बसता येईल. परत येऊन नाश्ता, नऊला चेक-आउट, बॅगा हॉटेलातच. बॅगा घेऊन शहरात फिरू नका. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकावर त्या क्ष-किरण यंत्रातून जातात आणि दर वेळी उचलून ठेवाव्या लागतात.

मग मेट्रोच्या २ नंबरच्या लाइनने म्युझियमची नवी इमारत, दुपारी जेवण, साडेचारला यूयुआनचा पूल. तिथून १० नंबरच्या लाइनने एकच स्थानक, ईस्ट नानजिंग रोड. उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की बंड. बंडहून हॉटेलकडे २ नंबरच्या लाइनने पुन्हा एकच स्थानक.

नकाशेवाला

क्रम उत्तम आहे. म्युझियमबद्दल मात्र एक घोळ नेहमी होतो. शांघाय म्युझियमच्या आता दोन इमारती आहेत. जुनी पीपल्स स्क्वेअरची, १९९६ ची, तुमच्या हॉटेलाशेजारची. नवी 'ईस्ट', २०२४ ला उघडलेली, नदीपलीकडच्या पुडोंग भागात. प्राचीन कांस्यपात्रांचं मुख्य दालन आता ईस्टमध्ये आहे आणि म्युझियमचा खरा जीव त्यातच आहे. ईस्टची सुट्टी मंगळवारी, म्हणजे तुमचा सोमवार नेमका सोयीचा. उघडते १० ला. २ नंबरच्या लाइनवर सायन्स अँड टेक्नॉलॉजी म्युझियम स्थानकावर उतरा. मूळ पासपोर्ट बरोबर हवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

तिथे सगळं बघायच्या फंदात पडू नका. सरळ कांस्यदालनात जा आणि 'दा क डिंग' शोधा. पश्चिम झोउ या प्राचीन चिनी राजवटीच्या काळातलं हे तीन पायांचं भांडं २०१.५ किलोचं आहे, आतल्या बाजूला २९० अक्षरांचा लेख आहे. ते ज्यांच्याकडे होतं त्या पान कुटुंबातल्या पान दायू या बाईंनी युद्धकाळात ते जमिनीत पुरून वाचवलं आणि १९५१ ला सरकारला दिलं. लेख आतून असल्यामुळे समोर सरळ उभं राहिलं तर फक्त पोट दिसतं. बाजूच्या फलकावरचा लेखाचा ठसा आधी बघून घ्या. दीड तासात हे दालन नीट होतं.

शांघाय टॉवर: तिकीट आदल्या दिवशी काढू नका. उंची ६३२ मीटर, गॅलरी ११८ व्या मजल्यावर ५४६ मीटरवर. खाली साधं मळभ असेल तर वर चक्क ढगात उभं राहावं लागतं आणि १८० युआन पांढऱ्या काचेला दिल्यासारखे होतात. सकाळी बंडवर असतानाच पलीकडे बघा. टॉवरचं वरचं टोक कडा स्पष्ट दिसण्याइतकं मोकळं असेल तरच जा, म्युझियमहून परतताना २ नंबरच्याच लाइनवर लुजियाझुई स्थानकाला उतरून. टोक पुसट असेल तर विषय संपला.

दोघांची तिकिटं वेगवेगळी काढा. अलीपे या पैसे देण्याच्या चिनी अॅपला परदेशी कार्ड जोडलेलं असलं की २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागतं. ३६० चा एक व्यवहार केला की शुल्क, १८० चे दोन केले की नाही.

शिदोरी

जेवणासाठी पीपल्स स्क्वेअरजवळ, नानजिंग वेस्ट रोडवर 'गोंगदलिन' आहे. १९२२ पासूनचं बौद्ध शाकाहारी भोजनगृह. पदार्थांची नावं कोंबडी-बदकाची असतात, ताटात मात्र सोयाबीन, गव्हाचं सत्त्व आणि अळंबी. नावं वाचून घाबरून उठू नका.

इतरत्र कुठे खाल्लंत तर "भाज्याच आहेत ना?" एवढं विचारून भागत नाही. नूडल्सचं पाणी हाडांचं असतं, परतलेल्या हिरव्या पालेभाजीत डुकराची चरबी किंवा सुका झिंगा असू शकतो, आणि वाढणाऱ्याच्या हिशेबी ती भाजीच असते. "वो छ सू" म्हणजे 'मी शाकाहारी'. त्याच्या जोडीला मांसाचं पाणी, चरबी, झिंगा, ऑयस्टर सॉस नको, असं चिनीत लिहिलेलं वाक्य मोबाइलमध्ये तयार ठेवा. उच्चार चुकतो, लिहिलेलं चुकत नाही. रात्रीचं जेवण बांधून घेऊन विमानतळावर खाल्लेलं बरं. फक्त ते कोरडं असू द्या. रस्सा आणि सॉस सुरक्षा तपासणीत द्रव धरले जातात.

मॅग्लेव्हबद्दल थोडा वेगळा सल्ला. हौस म्हणून जरूर जा, पण सोय म्हणून नाही. २०२१ पासून ती ४३१ ऐवजी ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने धावते. पीपल्स स्क्वेअर ते लोंगयांग रोड हा टप्पा मेट्रोचाच, आणि सात-साडेसातपर्यंत २ नंबरची लाइन खचाखच असते. दोन मोठ्या बॅगा आणि आई, असं त्या गर्दीत शिरणं कठीण. पाय थकले असतील तर हॉटेलच्या दारातून गाडी घ्या. अलीपेच्या आतच डीडी हे टॅक्सी बोलावण्याचं अॅप उघडतं. साधारण एक तास आणि २०० युआनच्या आसपास. पाच ते सात रस्ते तुंबलेले असतात, त्यामुळे सव्वासातला निघणं चांगलंच.

दुसरा_फलाट

शिदोरी यांचं गाडीबद्दलचं म्हणणं पटतं. मॅग्लेव्ह ठरलीच तर तिकीट ५० युआन. त्याच दिवशीचं विमान तिकीट खिडकीवर दाखवलं तर ४०, पण ते यंत्रावर मिळत नाही. शेवटची गाडी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमाराला सुटते, त्यानंतर पर्याय टॅक्सीचा. थेट २ नंबरच्या मेट्रोनेही ७ युआनमध्ये विमानतळ गाठता येतो, सव्वा तास धरा. पण काही गाड्या ग्वांगलान रोडलाच संपतात, म्हणून चढताना शेवटचं स्थानक वाचा.

बंडवर पीस हॉटेलचा हिरवा निमुळता माथा दिसेल, ती इमारत १९२९ ची, व्हिक्टर ससूनची. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचं ससून रुग्णालय ज्या घराण्याच्या नावाचं, तेच हे. अफू आणि कापसाच्या व्यापारातून मुंबई आणि शांघाय या दोन बंदरांना त्यांनी जोडलं होतं. 'बंड' हा शब्दही मूळचा इंग्रजी नाही, तो आपल्याकडचा बांध. चिनी लोक त्या जागेला 'वायथान' म्हणतात. टॅक्सीवाल्याला तेच सांगा.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. यूयुआनची बाग गाळली, ईस्टचं म्युझियम पक्कं. आणखी दोन शंका: चहा आणि रेशीम मिळून साधारण ९०० युआनची खरेदी एकाच दुकानातून होणार आहे, त्याचा कर परत मिळतो का? आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक चालेल ना?

नकाशेवाला

कर मिळतो, पण दुकान त्या योजनेतलं हवं आणि परताव्याचा अर्ज व बिल दुकानातच घ्यावं लागतं. नंतर विमानतळावर बनवून मिळत नाही. एका दिवसात एका दुकानात किमान २०० युआनची खरेदी हवी (एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ५०० होती). दर ११ टक्के, त्यातून सेवाशुल्क वजा होऊन साधारण ९ टक्के हातात पडतात, म्हणजे ८० युआनच्या आसपास.

लोक चुकतात ते क्रमात. आधी सीमाशुल्काचं काउंटर, मग बॅग चेक-इन. अधिकारी वस्तू बघायला मागू शकतो, आणि बॅग पट्ट्यावर गेली की दाखवायला काही उरत नाही, शिक्का मिळत नाही. वस्तू न वापरलेल्या, सहज काढता येतील अशा वरच ठेवा. पैसे पुढे, इमिग्रेशन ओलांडल्यावर मिळतात. यासाठी वीस मिनिटं जादा धरा, म्हणजे हॉटेल ६:५५ ला सोडायचं आणि बंड साडेसहाच्या आत. गाडीने जाणार असाल तर ६:५५ ला रस्ते अजून मोकळे झालेले नसतात, म्हणून आणखी दहा-पंधरा मिनिटं आधी निघा आणि ती बंडवरच्या वेळेतून काढा.

पॉवर बँक २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. मर्यादा १०० ची आहे, म्हणून चालते, पण फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅगेत निघाली तर बॅग उघडायला परत बोलावतात. तिच्यावरचा क्षमतेचा मजकूर पुसला गेला असेल तर ती ठेवून घेतात, हे घरीच तपासा. तुमच्या तिकिटात ग्वांगझौ किंवा कुनमिंगला जाणारा देशांतर्गत टप्पा असेल तर २८ जून २०२५ पासून त्यावर '३सी' ही चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. पुडोंगहून थेट चीनबाहेर जात असाल तर हा नियम लागत नाही.

आणि गेट कुठे आहे ते बोर्डिंग पास हातात पडताच बघा. पुडोंगची काही गेटं २०१९ ला सुरू झालेल्या सॅटेलाइट इमारतीत आहेत, तिथे आतली छोटी रेल्वे पकडून जावं लागतं. तसं असेल तर दुकानं आणि जेवण पलीकडे पोचल्यावरच.

शिदोरी

मोबाइलचं राहिलं. दिवसभर नकाशा, मेट्रोचा कोड आणि पैसे सगळं एकाच फोनवर असल्याने तो दुपारीच मान टाकतो. आईंच्या फोनवरही अलीपे कार्डासकट चालू करून ठेवा. पासपोर्टची पडताळणी आदल्या रात्रीच उरका, ती रस्त्यात उभं राहून होत नाही. २०० युआन रोख बाजूला ठेवा. गूगलचे नकाशे तिथे थोडे सरकलेले दिसतात, म्हणून अॅमॅप हे चिनी नकाशांचं अॅप किंवा आयफोनचे नकाशे वापरा. हॉटेलचं नाव चिनी लिपीत असलेलं कार्ड आईंच्या पर्समध्ये असू द्या.