मदत हवी आहे: घरी तेलुगू, शाळेत मराठी

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत पहिलीला शिकवते. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड.

परवा एक मुलगी पदराला धरून हळूच म्हणाली, "नीळ्ळू." पाणी मागत होती. मागच्या बाकावरची दोघं खदखदून हसली. त्यानंतर दिवसभर तिनं तोंड उघडलं नाही, बाटली भरून दिली तरी प्यायली नाही. माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाणी, नीळ्ळू, नीरू असं तिन्ही लिहिलं आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. ती किंचित हसली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना मानसिक त्रास द्यायला बंदी घालतं, पण मुलंच मुलांना हसतात तेव्हा काय करायचं?

मला तेलुगू जेमतेम येतं. पहिलीसाठी मराठी-तेलुगू बडबडगीतं किंवा चित्रकार्डं कुणी केलीत का? आणि आयांना शाळेत कसं बोलवता? बऱ्याच जणी विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांमागे मिळते. तास गेला की पैसे गेले. संध्याकाळी त्यांच्या गल्लीतच बसून बघितलंय का कुणी? अनुभव असेल तर सविस्तर लिहा, मी वाट बघतेय.