दिवाळीत फुकेत: टूरवाल्याचं चार्टर की मोठ्या कंपनीचं तिकीट?

दांडियाबाजार
पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जण फुकेतला निघायचं म्हणतोय. आई बहात्तर वर्षांची, पुतणी पाचची. भावाचं बडोद्यात मांडवीत दुकान आहे आणि ते लाभपाचमला, म्हणजे दिवाळीनंतर दुकानं पुन्हा उघडतात त्या कार्तिक शुद्ध पंचमीला, उघडायलाच हवं, त्यामुळे तारखा पुढेमागे होणार नाहीत. पर्याय दोन आहेत. एका टूरवाल्याने अहमदाबादहून थेट फुकेतसाठी अख्खं विमान भाड्याने घेतलंय, त्यात जाऊन-येऊन माणशी २१,००० रुपये. दुसरा मोठ्या कंपनीचा, बडोदा-मुंबई-फुकेत, एकाच पीएनआरवर, माणशी ३८,०००. सहा जणांत १,०२,००० रुपयांचा फरक पडतो.

तरी मला मोठी कंपनी घ्यावीशी वाटते. चार्टर उडालं नाही तर आम्हाला दुसऱ्या दिवशी कोण नेणार? टूरवाल्याकडे दुसरं विमान नसतंच. भाऊ म्हणतो, उगाच भीती घालतोस. तुमचं मत सांगा.

सुरसागर_काठी
तुमच्या भावाचं बरोबर आहे. लाख रुपयांत सहा जणांचं तिथलं हॉटेल निघेल. आईंचाही विचार करा. अहमदाबादहून बसलं की पाचेक तासांत फुकेत. घरून विमानतळापर्यंत एक्स्प्रेस वेने गाडीने दोन तास धरा. मुंबईमार्गे गेलात तर पहाटे हरणीला बडोद्याच्या विमानतळावर पोचा, मुंबईत उतरा, पुन्हा सुरक्षा तपासणी, इमिग्रेशनची रांग, मधले चार-पाच तास खुर्चीत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते फार जड जातं. माझ्या सासूबाईंना आम्ही असंच नेलं होतं, पहिले दोन दिवस त्या खोलीबाहेर पडल्या नाहीत.

कारेलीबाग
मी सोळा वर्षं ट्रॅव्हलच्या धंद्यात होतो, ग्रुपच्या सीटा भरायचं काम केलंय. चार्टरचा हिशोब आधी समजून घ्या.

शेड्यूल्ड, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाने उडणारी कंपनी एकेक सीट विकते. चार्टरमध्ये टूरवाला पूर्ण विमान घेतो, १८० ते १८९ सीटांचं, आणि रिकाम्या सीटेचं नुकसान त्याच्या अंगावर पडतं. आठवड्याला विमान लावलं असेल तर नवा ग्रुप सोडून तेच विमान जुना ग्रुप घेऊन परत येतं, दोन्ही बाजू भरलेल्या. दिवाळीचं एकुलतं एक चार्टर असेल तर विमान तुम्हाला सोडून रिकामं परत येतं आणि आणायलाही रिकामंच जातं. चार फेऱ्यांचा खर्च दोन फेऱ्यांच्या सीटांतून काढायचा असतो. २१,००० हा भाव विमान जवळजवळ भरलं तरच परवडतो. नाही भरलं, तर दोन तारखा एकत्र करतात किंवा ग्रुप रद्द करतात. आमच्या ऑफिसातही हे झालेलं आहे. निघायला नऊ दिवस असताना मला चाळीस घरांना फोन करावे लागले होते. पैसे परत दिले, पण रजा आणि हॉटेलचं बुकिंग परत देता येत नाही. त्या फोनांवरचे आवाज मला अजून आठवतात.

तेव्हा दांडियाबाजार, तुमची शंका रास्त आहे. लाभपाचमला दुकान उघडायचं असेल तर परतीची तारीख पक्की हवी, आणि चार्टरमध्ये तीच सगळ्यात कच्ची असते.

एक मात्र सांगतो, चार्टरचं विमान कमी सुरक्षित नसतं. परवाना, तपासणी, वैमानिकांच्या ड्यूटीचे तास, नियम सगळ्यांना तेच. त्या कारणाने कोणी नाही म्हणू नये.

मांडवीवाली
मोठी कंपनी दुसऱ्या दिवशी नेते हे कुणी सांगितलं? आमचं मुंबईचं विमान एका मोठ्या कंपनीने रात्री अकराला रद्द केलं. काउंटरवर एक मुलगी आणि समोर दीडशे माणसं. पुढची सीट तीन दिवसांनी मिळाली, कारण सुट्टीत पुढची सगळी विमानं आधीच भरलेली असतात. दिवाळीत दुसरी फेरी कागदावरच असते.

दांडियाबाजार
मांडवीवाली, तीन दिवसांनी का होईना, सीट मिळाली ना? मी तेवढंच म्हणतोय. शिवाय डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचा नियम आहे. वेळेत न कळवता विमान रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर दोन तासांपेक्षा लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी ते भरपाई म्हणून मिळतं. पर्यायी विमान किंवा पैसे परत, हे वेगळं.

मांडवीवाली
सीट मिळाली, पण चार दिवसांच्या सहलीतले तीन गेले. त्याला मिळणं म्हणत नाहीत. आणि भरपाई मागितली तर ‘ऑपरेशनल कारण’ एवढंच उत्तर आलं.

रावपुरा
मोठी म्हणजे भक्कम, हे धरून चालू नका. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. तिकीटवाले लोक दिवाळखोरीच्या दाव्यात रांगेला लागले. तिन्ही नावं एके काळी मोठीच होती.

कारेलीबाग
रावपुरा, खरं आहे. पण टूरवाला बुडाला तर काय होतं तेही पाहा. ब्रिटनमध्ये यासाठी १९७३ पासून ॲटोल नावाची योजना आहे. परवानाधारक टूर कंपनी बुडाली तर प्रवाशाला घरी आणायची आणि पैसे द्यायची सोय त्यात असते. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथली थॉमस कुक बुडाली (भारतातली त्याच नावाची कंपनी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नव्हता), तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख प्रवाशांना सरकारी यंत्रणेने विमानं भाड्याने घेऊन आणलं. आपल्याकडे अशी योजना नाही. फुकेतला टूरवाल्याचा फोन बंद लागला, तर सहा तिकिटं तुम्हालाच, त्या दिवसाच्या भावाने काढावी लागतील.

सुरसागर_काठी
कायदा अगदीच नाही असं नका सांगू. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासातल्या जबाबदारीचा मॉन्ट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. त्यात करार करणारा आणि प्रत्यक्ष उडवणारा, दोघांवरही जबाबदारी आहे, म्हणजे उशीर झाला किंवा सामान हरवलं तर विमान कंपनीला चार्टरचं निमित्त सांगता येत नाही. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. बडोद्यातच दावा लावता येईल.

कारेलीबाग
दावा लावता येईल, पण निकाल लागेपर्यंत किती लाभपाचमी जातील?

दांडियाबाजार
काल भावाला घेऊन टूरवाल्याकडे गेलो. माणूस सरळ वाटला. विमान कंपनीचं नाव सांगितलं, चार्टर उडवायच्या परवानगीचा अर्ज दिलाय म्हणाला, म्हणजे परवानगी अजून आलेली नाही. मग अटींचा कागद मागितला. सातव्या कलमात लिहिलंय की ग्रुप अपुरा राहिल्यास प्रस्थान व परतीची तारीख ४८ तासांपर्यंत बदलता येईल आणि त्यासाठी परतावा मिळणार नाही. भावाने ते दोनदा वाचलं आणि लाभपाचमीची तारीख कॅलेंडरवर पाहिली.

मुंबईमार्गे तिकिटं काढतोय. आईसाठी व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच टाकली, आणि मधला थांबा तीन तासांचा मिळेल ती जोडणी घेतली, त्याला माणशी ९०० रुपये जास्त पडले.

सुरसागर_काठी
तुमच्या दुकानामुळे तुमचा निर्णय बरोबर. आमच्याकडे दुकान नाही, ४८ तास इकडेतिकडे झाले तर मुलांची शाळाही बंदच असते. आम्ही त्याच चार्टरने जातोय. परवानगीचं पत्र पाहिल्याशिवाय बाकीचे पैसे देणार नाही, एवढं मात्र या चर्चेमुळे ठरलं.