क्लॅमिडोमोनास आणि सिंहगडचा उंदीर: साम्य काय दाखवू?

रानजाई: नमस्कार. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. एक सूक्ष्म शैवाल आणि एक संकटग्रस्त उंदीर यांची तुलना लिहायची आहे. मी क्लॅमिडोमोनास आणि सिंहगडावरचा कोंढाणा उंदीर निवडलाय. एकपेशीय-बहुपेशीय, स्वयंपोषी-परपोषी एवढं लिहून झालं आणि गाडी अडली. फरक ढीगभर आहेत, पण साम्य काय दाखवू?

डोंगरमाथा: उंदराचं मी सांगतो. मिश्रा आणि धांडा यांनी १९७५ साली ही जात नोंदवली. निशाचर, बिळात राहणारा. सह्याद्रीतल्या मोजक्या डोंगरमाथ्यांवरच सापडतो, म्हणून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त'. गडावरची वाढती गर्दी आणि तुटणारी झुडपं त्याच्या मुळावर आलीत. हे नक्की लिही, कळकळीने सांगतोय.

सुमती_प: रानजाई, वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून हक्काने सांगते, साम्य शोधायचं तर कशाभिकेत, म्हणजे पेशीच्या चाबकासारख्या हलणाऱ्या शेपटीत शोध. क्लॅमिडोमोनासची पेशी जेमतेम दहा मायक्रॉनची, पुढच्या टोकाला दोन कशाभिका. त्यांच्या आत कडेला सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मधे दोन सुट्या नलिका. उंदराच्या श्वासनलिकेतल्या केसाळ पेशी बघ, शुक्राणूची शेपटी बघ: तीच रचना!

आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. कशाभिकेतली प्रथिनांची ने-आण १९९३ मध्ये पहिल्यांदा दिसली ती याच शैवालात. मग २००० साली कळलं की ज्या जनुकात बिघाड झाला की शैवालाला कशाभिका येत नाहीत, त्याचंच भावंड प्रयोगशाळेतल्या उंदरात बिघडलं की मूत्रपिंडात गाठी होतात. माणसातल्या त्या आजाराचा अभ्यास यामुळे कितीतरी पुढे गेला. डबक्यातल्या शेवाळाला क्षुल्लक म्हणणाऱ्यांना मी हेच ऐकवते.

रानजाई: बाप रे, हे पुस्तकात नव्हतं! मॅडम, मग शैवाल संकटात का नाही?

सुमती_प: नायट्रोजन कमी पडला की दोन पेशी एकत्र येतात आणि जाड कवचाचा युग्मबीजाणू होतो. तो कोरड्या मातीतही तग धरतो, पाणी आलं की रुजतो. उंदराकडे असला राखीव साठा नाही. माथ्यावरचा झाडोरा गेला की तोही गेला.

प्रात्यक्षिक दाखवणार असशील तर डबक्याचं हिरवं पाणी काचेच्या नळीत घालून खिडकीशी ठेव. पेशी उजेडाच्या बाजूला गोळा होतील, थेंब तिथूनच उचल. आधी पोहताना बघ, मग आयोडीन सोड. पेशी थांबल्या की कशाभिका नीट दिसतात.