पांढऱ्या भिंतींआधी दिव्यांचा विचार करावा

पांढऱ्या भिंती, राखाडी उशा आणि कमीत कमी सामान म्हणजे स्कँडिनेव्हियन (डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेकडच्या) पद्धतीचे घर, असे सहसा म्हटले जाते. त्यात प्रकाशाची बाजू राहून जाते, असे मला वाटते. डिसेंबरात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, जेमतेम सात तास दिवस असतो, त्यामुळे तिथे भिंतींचा पांढरा रंग खिडकीतून येणारा थोडका उजेड खोलीभर पसरवण्याचे काम करतो, आणि अंधार पडल्यावर छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा लावण्याऐवजी जेवणाच्या टेबलावर, वाचायच्या खुर्चीशेजारी, खिडकीत असे मंद, पिवळसर दिवे लावले जातात. डॅनिश डिझायनर पौल हेनिंगसेन यांचा १९५८ सालचा ‘पीएच ५’ हा टांगता दिवा पाहावा: त्याच्या एकाखाली एक बसवलेल्या छत्र्यांना अशा बेताने बाक दिला आहे की कोणत्याही बाजूने पाहिले तरी बल्ब डोळ्यांवर येत नाही.

खरेदीबद्दल एवढेच सुचवतो. डॅनिश फर्निचर डिझायनर हान्स वेग्नर यांच्या ‘विशबोन’ खुर्चीची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरी हाताने विणून तयार होते. ती महाग असणारच. तिची स्वस्त नक्कल मात्र घेऊ नये. त्यापेक्षा स्वीडनमधले लोक ‘लोप्पिस’मध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, शोधतात तसे भरीव लाकडाचे, सांधे घट्ट असलेले एखादे जुने स्टूल शोधावे, आणि उरलेल्या पैशांतून आधी दोन चांगले दिवे घ्यावेत.